हुगळी ओलांडताना

कोलकात्याला निघालेल्या पाहुण्याच्या हातात लोक एक ठरलेली यादी ठेवतात. व्हिक्टोरिया मेमोरियल, म्युझियम, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि संध्याकाळी पार्क स्ट्रीट. सगळी ठिकाणं बघण्यासारखीच आहेत. पण त्या यादीत नदी नसते. असलीच तर हावडा पुलाच्या एका फोटोपुरती. माझं मत विचाराल, तर हातात एकच दिवस असेल त्याने तो अख्खा हुगळीला द्यावा. पुलावरून चालत जावं, फेरीबोटीने यावं, काठाकाठाने जाणाऱ्या लोकलमध्ये बसावं. २०२४ पासून नदीच्या पोटातून मेट्रो धावते, तिनेही जावं. या शहरात कोण आलं, कोण नदीच्या अलीकडेच अडलं आणि कोण इथून कायमचं निघून गेलं, ते सगळं या पाण्याच्या काठावर घडलेलं आहे.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी आत्या. आत्या नागपूरला शाळेत इतिहास शिकवायची. गुडघे कुरकुरतात, पण 'टॅक्सी करू या' असं तिच्या तोंडून निघत नाही. मुक्काम हावड्याच्या बाजूला होता, म्हणून जानेवारीतल्या त्या थंड सकाळी सुरुवात पुलापासूनच झाली.

हावडा पूल लांबून बघायचा आणि पायी ओलांडायचा यांत फार अंतर आहे. सात वाजताच पादचारी पट्टी माणसांनी भरलेली. कुणाच्या डोक्यावर भाजीचे हारे, कुणाच्या खांद्यावर गाठोडं, आणि सगळे आपल्यापेक्षा जोरात चालणारे. मध्ये थांबलं की मागचा माणूस न चिडता बाजूने निघून जातो. बस गेली की पायाखाली बारीक कंप जाणवतो. या पुलाला नदीपात्रात एकही खांब नाही. दोन्ही काठांजवळच्या दोन मनोऱ्यांमध्ये ४५७ मीटरचा गाळा आहे आणि सगळा सांगाडा रिव्हेट ठोकून जोडलेला, नटबोल्ट नाहीत. साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं, त्यातलं बहुतेक जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातलं. त्याआधी इथे १८७४ पासून तरंगता पूल होता. मोठी जहाजं आली की त्याचा मधला भाग बाजूला सरकवायचे आणि दोन्ही काठांवरची रहदारी खोळंबून राहायची. आजचा पूल सुरू झाला फेब्रुवारी १९४३ मध्ये. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले होते, त्यामुळे एवढ्या मोठ्या कामाचा उद्घाटन सोहळासुद्धा झाला नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पुलाला तोलून धरणाऱ्या उभ्या पोलादी पट्ट्यांच्या बुडाशी लोक पान-गुटखा खाऊन थुंकतात. त्या थुंकीने पोलाद झिजायला लागलं, तेव्हा बुडांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली. लाखो माणसांना रोज पलीकडे नेणाऱ्या पुलाला आपण हे द्यावं, याचं वाईट वाटतं. आत्या एका आवरणापाशी थांबली, लाल डाग बघितले आणि काही न बोलता पुढे झाली.

पूल संपतो तिथे जिना उतरला की मल्लिक घाटाचा फूलबाजार. इथे सकाळी लवकर जावं आणि घाई करू नये. कोलाघाट, पांशकुडा, राणाघाट अशा भागांतून रात्रभर फुलं येतात आणि उजाडायच्या आत निम्मा बाजार हललेला असतो. झेंडूच्या माळा दोरखंडासारख्या जाड, खांद्यावरून पार गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या. केशरी माळांच्या ओझ्याखाली हमालाचा चेहरा दिसत नाही, फक्त चालणारे पाय दिसतात आणि 'शोरे जान, शोरे जान', म्हणजे 'बाजूला व्हा', असा आवाज येतो. निशिगंधाचे भारे, कमळाच्या मिटलेल्या कळ्या, बेलपानांच्या जुड्या. मला सगळ्यात आवडली ती जास्वंद. इथे कालीला लाल जास्वंद लागते, एकशे आठ फुलांची माळ घालतात. पण जास्वंदीचं फूल म्हणजे एका दिवसाचा कारभार. उमलल्यावर बाजारात आणलं तर देवळात पोचेपर्यंत मान टाकतं. म्हणून तिच्या कळ्याच तोडून आणतात. करंगळीएवढ्या घट्ट गुंडाळलेल्या लाल कळ्या, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या. विकणाऱ्या बाईने फडकं उचलून दाखवलं. एकही कळी उघडलेली नव्हती. गळ्यात माळ पडल्यावर, देवीच्या अंगावर त्या उमलायच्या. आत्याने मूठभर कळ्या घेतल्या. "माशीमा, जल देबेन," म्हणजे 'मावशी, पाणी द्या', असं त्या बाईने बजावलं. दुपारपर्यंत त्यातल्या दोन-तीन आत्याच्या पिशवीत फुलल्या.

बाजाराच्या मागच्या अंगाला घाटाच्या पायऱ्या आहेत. तिथे लोक आंघोळ करत होते, एक पैलवान दुसऱ्याच्या पाठीला तेल चोळत होता, आणि त्याच पायऱ्यांवर बाजारातली सडकी फुलं ढिगाने पडली होती. चिखल, कुजका वास, शेजारी हात जोडून सूर्याकडे तोंड केलेली म्हातारी. हे दोन्ही एकाच पायरीवर असतं. ज्याला फक्त सुंदर बघायचंय त्याने इथे उतरूच नये.

थोडं दक्षिणेला आर्मेनियन घाट. इंग्रजांचं राज्य यायच्या आधीपासून आर्मेनियन व्यापारी या नदीवर होते, आणि हा घाट १७३४ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने बांधवला. पुढे १८७३ साली कलकत्त्यात घोड्यांची पहिली ट्राम सुरू झाली, ती सियालदह ते आर्मेनियन घाट. रेल्वेने आलेला माल नदीवर आणि नदीवरचा माल रेल्वेवर न्यायचा, हा तिचा हिशोब होता. आज इथून हावड्याला फेरीबोट जाते. भाडं एवढं कमी की हमालापासून हायकोर्टातल्या वकिलापर्यंत सगळे एकाच बोटीत उभे असतात.

बोटीच्या धक्क्यावर मी बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. नागपूरच्या माणसाला नदी म्हटलं की एकाच दिशेने जाणारं पाणी माहीत. हुगळी तशी वागत नाही. समुद्र इथून शंभराहून जास्त किलोमीटर दूर आहे, तरी भरती शहरापर्यंत चढून येते. सकाळी पुलावरून जाताना जलपर्णीचे हिरवे पुंजके दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने वाहताना दिसले होते. आता धक्क्यावर बसल्या बसल्या ते मंदावले, जागच्या जागी गोल फिरले आणि हळूहळू उत्तरेला निघाले. अख्खी नदी उलटी. धक्का तरंगता असतो, त्यामुळे काठावरून त्याच्यावर उतरणारा लोखंडी पूल ओहोटीला घसरगुंडीसारखा तिरपा असतो आणि भरतीला जवळजवळ सपाट होतो. आत्याला उतरताना कठडा धरावा लागला. तासाभराने आली असती तर लागला नसता. इथल्या रोजच्या प्रवाशांना हे पायांनीच कळत असावं.

या भरतीवरच कलकत्त्याचं बंदर जगलं. १६९० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक इथल्या सुतानुटी गावाला उतरला, कारण पूर्वेच्या काठाला जहाजं लागतील इतकी खोली होती. सूत आणि कापडाचा बाजार इथे आधीपासून होताच. पुढे गाळ साचत गेला. गंगेचं पाणी हुगळीकडे वळवून तो गाळ धुऊन काढावा म्हणून १९७५ मध्ये फराक्का धरण सुरू झालं, आणि मोठ्या जहाजांसाठी खाली हल्दियाला नवी गोदी बांधली गेली. गाळाचा प्रश्न काही संपला नाही. स्ट्रँड रोडवरची बंदराची जुनी लाल विटांची गोदामं आज पिंपळांनी फोडलेली दिसतात.

हावड्याहून बागबाजारला जाणारी बोट धरली. ती पुलाखालून जाते. वर मान केली की तो सगळा लोखंडी पसारा आभाळभर होतो आणि वरच्या गर्दीचा एकच घुमता आवाज खाली येतो. मग उजव्या हाताला निमतल्ला. १९४१ मध्ये रवींद्रनाथांना इथेच अग्नी दिला. बोटीतल्या बऱ्याच जणांनी तिथे हात कपाळाला लावला. पुढे अहिरीटोला, शोभाबाजार. बांधणाऱ्या कुटुंबांच्या नावांचे पायऱ्यापायऱ्यांचे घाट, खांबांचे मंडप, त्यांत वाळत घातलेली धोतरं.

आमच्या शेजारी माकडटोपी घातलेले एक आजोबा बसले होते. कुठून आलात, विचारलं. आत्या म्हणाली, नागपूर. त्यांनी क्षणभर विचार केला आणि हसून म्हणाले, "तार माने बर्गी!" म्हणजे 'तर मग बर्गी!' आणि पुढे मोडक्या हिंदीत, त्यांची आजी त्यांना झोपवताना बर्गी येतील म्हणून गाणं म्हणायची, त्यांनीही ते नातवाला म्हटलं.

आत्याला ते गाणं आहे हे ठाऊक होतं, तरी ते म्हणणारा माणूस पहिल्यांदाच समोर बसला होता. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठ्यांचे घोडेस्वार. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी आपले दिवाण भास्करराम कोल्हटकर यांना बंगालवर पाठवलं. चौथाई वसूल करायची होती. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं भागीरथी-हुगळीच्या पश्चिमेचा मुलूख या घोडदळाच्या टापांखाली राहिला. गावं जळाली, विणकर आणि शेतकरी घरं सोडून पळाले आणि जमेल तसे नदी ओलांडून पूर्वेला आले. पळून आलेल्यांतले कितीतरी कलकत्त्यात राहिले. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दी खानाने भास्कररामांना बोलणीसाठी बोलावून मानकरा इथे त्यांना आणि त्यांच्या सरदारांना मारलं. स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ मध्ये तह झाला, ओरिसा भोसल्यांच्या हाती गेला आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली. आपल्याकडे ही गोष्ट पराक्रमाच्या प्रकरणात येते. आत्यानेही ती तशीच शिकवली होती.

त्या आजोबांना तिने म्हटलं, "दादा, आम्ही मुलांना कटक जिंकल्याचं सांगायचो. गावं कुणाची होती ते सांगायला हवं होतं." त्यांनी आधी हात हलवून ते उडवून लावलं, मग म्हणाले की १९०६ मध्ये टिळक महाराज शिवाजी उत्सवाला कलकत्त्यात आले तेव्हा त्यांचे आजोबा गर्दीत उभे होते. लहान मुलाला बर्गीची भीती घालणाऱ्या घरातला माणूस टिळकांना बघायला धावत गेला. एकाच घरात दोन्ही गोष्टी राहिल्या, आणि दोन्ही खऱ्या.

बागबाजारला उतरून आम्ही बर्गींच्याच खुणेच्या शोधात गेलो. भोसल्यांचं घोडदळ येणार या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याच्या रहिवाशांनी कंपनीकडून परवानगी घेऊन शहराभोवती खंदक खणायला घेतला. उत्तरेला बागबाजारपासून सुरुवात. साधारण सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला. पश्चिमेला नदी होतीच, तिकडे खंदकाची गरज नव्हती. बर्गी कलकत्त्यात आलेच नाहीत आणि खंदक अर्धाच राहिला. १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला. आज त्याच रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि पुढे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड म्हणतात. रोज लाखो माणसं आपल्या पूर्वजांच्या धास्तीवरून बसने जातात. खंदकाचं नाव मात्र बागबाजारच्या एका गल्लीला राहिलंय: मराठा डिच लेन. साधी गल्ली आहे. हिरव्या झडपांच्या खिडक्या, ओट्यावर पेपर वाचणारे लोक, नळावर भांडी. बघण्यासारखं असं काही नाही, आणि तरी महाराष्ट्रातून जाणाऱ्याने ती बघावी, असं मला मनापासून वाटतं. आत्याने पाटीखाली उभं राहून फोटो काढायला नकार दिला. पाटीचा एकटीचा काढ म्हणाली.

तिथून चालत कुमारटुली, मातीच्या मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती. दुर्गापूजेच्या आधी इथे पाऊल ठेवायला जागा नसते म्हणतात. जानेवारीत गल्ल्या सरस्वतीच्या ताब्यात होत्या. पांढऱ्या, रंग न दिलेल्या, शेकड्याने, हंसासकट. नदीकाठची माती होडीने येते. बांबू आणि लाकडाच्या सांगाड्यावर आधी पेंढा बांधतात, त्याला माणसाचा आकार येतो, मग चिकट मातीत भाताचं तूस मळून पहिला थर. तो वाळताना भेगा पडतात. त्या भेगांवर पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून वर बारीक मातीचा हात फिरवतात, मग पांढरी खडी आणि सगळ्यात शेवटी रंग. एका कारखान्यात एक कारागीर नुसती बोटं करत होता. मातीची लांब वळी तळहातावर फिरवायची, टोक निमुळतं करायचं, बांबूच्या चपट्या काडीने नखाची रेघ ओढायची, पेराच्या जागी किंचित दाबायचं. वीणा वाजवायला वाकलेली बोटं, एका फळीवर रांगेने वाळत ठेवलेली. प्रत्येक बोट वेगळं वाकलेलं. आम्ही उभ्या आहोत हे त्याला माहीत होतं. त्याने वर बघितलं नाही आणि आम्हीही काही विचारलं नाही.

२०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला वारशाच्या यादीत घेतलं. त्याचं या गल्लीत कौतुक आहे. पण छपरं अजून प्लास्टिकची आहेत आणि गल्ली दोन माणसांच्या रुंदीची. पूजा झाली की मूर्ती नदीत जाते, माती पाण्यात विरघळते आणि लाकडाचा सांगाडा काठावर ओढून काढतात, तो पुन्हा कामाला येतो. माती मात्र दर वर्षी नवी.

दुपारी सर्क्युलर रेल्वे. गाड्या मोजक्याच असतात, वेळ विचारून जावं. रूळ नदी आणि गोदामांच्या मधून जातात. डब्यातून एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लोकांची घरं, इतकी जवळ की चुलीवरचं पातेलं दिसतं. प्रिन्सेप घाटाला उतरलो.

जेम्स प्रिन्सेप टांकसाळीत धातू पारखण्याचं काम करायचा. १८३७ मध्ये त्याने अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी उलगडली. तीन वर्षांत तो गेला. त्याच्या नावाने नदीकाठी हा उंच खांबांचा पांढरा मंडप उभा राहिला. बडे साहेब जहाजातून उतरत, ते इथे. आता नदी मंडपापासून दूर सरकली आहे. मागे विद्यासागर सेतूचे तारांचे पंखे दिसतात. १९९२ मध्ये तो सुरू झाला. संध्याकाळी इथे कॉलेजची जोडपी, लाकडी नावा, चणाचूर आणि मातीच्या भांड्यातला चहा.

त्याच काठावर जरा उत्तरेला ग्वाल्हेर स्मारक आहे. तिथे फारसं कोणी थांबत नाही. डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनिहार इथे इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यात पडलेल्या कंपनीच्या माणसांसाठी गव्हर्नर जनरल एलनबरोने हे उभारलं आणि त्याला धातू वापरला तो शिंद्यांकडून जिंकलेल्या तोफांचा. शंभर वर्षं मध्ये गेली होती. १७४२ ला ज्या मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्यांच्याच तोफा वितळून याच शहरात, याच नदीकाठी थडगं उभं राहिलं. ओतलेल्या धातूवर हात ठेवला तर तो उन्हाने गरम होता. आत्या त्याच्याभोवती पूर्ण एक फेरी मारून आली.

आणखी दक्षिणेला, मेटियाबुर्ज-गार्डन रीचच्या बाजूला, आम्हाला वेळेअभावी जाता आलं नाही. तिकडे १८५६ मध्ये लखनौहून हद्दपार झालेला नवाब वाजिद अली शाह उतरला आणि मरेपर्यंत राहिला. तिकडूनच गिरमिटे, म्हणजे करारावर नेलेले मजूर, मॉरिशस, त्रिनिदाद, सुरीनामला गेले. १८७३ मध्ये सुरीनामला पोचलेलं पहिलं जहाज 'लल्ला रुख' कलकत्त्याहूनच सुटलं होतं. भोजपूर, अवधची माणसं. समुद्र कधी न बघितलेली, भरती-ओहोटी ठाऊक नसलेली. त्यांनी आपल्या देशाचा शेवटचा काठ बघितला तो हुगळीचा. पुढच्या वेळी आधी तिकडेच जायचं ठरलंय.

अंधार पडल्यावर पिवळ्या टॅक्सीने एस्प्लनेड गाठलं. टॅक्सीचं आत्याने या वेळी मान्य केलं. कोलकात्याची मेट्रो १९८४ ची, देशातली पहिली. नदीखालचा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. पात्राखालचा बोगदा सुमारे ५२० मीटर लांब आहे आणि गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. बोगद्याच्या त्या तुकड्यात निळे दिवे लावलेत, म्हणजे प्रवाशाला कळावं की डोक्यावर आता नदी आहे. डब्यातली मुलं काचेला नाक लावून बसली होती. मोठी माणसं फोनमध्येच होती. सकाळी पुलावर वीस मिनिटं लागली होती.

हावडा स्टेशनला वर आलो तर फेरीचा धक्का समोरच. तिकीट खिडकीवरच्या माणसाला मी विचारलं, मेट्रो आल्यापासून गर्दी कमी झाली का. ऑफिसवाले गेले, तो म्हणाला, साहजिक आहे. पण तेवढ्यात त्याच्या खिडकीशी दोन बायका आल्या, रिकाम्या झालेल्या फुलांच्या मोठ्या टोपल्या एकीत एक घालून डोक्यावर घेतलेल्या. एवढ्या टोपल्या मेट्रोच्या तपासणी फाटकातून कशा जाणार? पहाटे त्या भरलेल्या असतात, तेव्हा तर प्रश्नच नाही. फेरी बंद पडली तर या बायकांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी नदी कशी ओलांडायची, याचं उत्तर मेट्रोकडे नाही. म्हणून कोलकात्याला जाल तेव्हा मेट्रोचा निळा बोगदा जरूर बघा, आणि किमान एकदा तरी तिकीट काढून फेरीने जा. जाताना भरती आहे की ओहोटी ते धक्क्यावरच्या माणसाला विचारा, तो आनंदाने सांगतो.